यंदा कडाका आणि पाऊस दोन्ही? हिवाळा २०२५-२६ चा धागा

ढगवेडा_पुणे | २ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. दरवर्षी दिवाळी सरली की हिवाळ्याचा धागा कोणीतरी उघडतेच. या वेळी तो मान मी घेतो.

यंदाचे वर्ष पहिल्यापासूनच वेगळे आहे. मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी दाखल झाला, सप्टेंबरमध्ये मराठवाड्याने पूर पाहिले आणि ऑक्टोबर संपता संपताही छत्र्या माळ्यावर गेल्या नव्हत्या. त्यातच अमेरिकेच्या हवामान केंद्राने ऑक्टोबरमध्ये प्रशांत महासागरात ला निना, म्हणजे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा थंड होण्याची स्थिती, अवतरल्याचे जाहीर केले. ही दोन्ही सूत्रे एकत्र ठेवली की माझ्यासारख्या माणसाच्या मनात लगेच पतंग उडू लागतात. थंडी कडाक्याची पडेल, मधूनमधून पाऊसही येईल आणि आपल्या या उष्ण प्रदेशाला दोन महिने का होईना खऱ्या अर्थाने ओला, गारठलेला हिवाळा मिळेल, असे मला वाटू लागले आहे.

माझ्या आठवणीतला असा दिवस एकच आहे, तो म्हणजे १ डिसेंबर २०२१. पुण्यात सकाळपासून जी रिपरिप सुरू झाली ती थांबलीच नाही. सूर्याचे दर्शन नाही, दुपारी दोन वाजता घरात दिवे लावलेले, अंगात स्वेटर आणि वर रेनकोट, अशा अवस्थेत मी गच्चीवर दर तासाला पर्जन्यमापक पाहायला जात होतो. घरच्यांनी मला वेड्यात काढले, परंतु तसा दिवस पुन्हा यावा म्हणून मी चार वर्षे वाट पाहत आहे.

आपापल्या गावचा अंदाज, जुन्या नोंदी आणि यंदाची लक्षणे येथे लिहावीत. तापमान लिहिताना ते कोठे व कशाने मोजले हेही लिहावे, म्हणजे गेल्या वर्षीसारखा वाद होणार नाही.

सिमला_ऑफिसचा_शेजारी | २ नोव्हेंबर, रात्री १०:४५

धागा उघडल्याबद्दल आभार. तुमच्या पतंगाची दोरी मात्र थोडी आवरावी लागेल.

ला निना आला की महाराष्ट्रात थंडी कडाक्याची, हे समीकरण वृत्तपत्रांनी इतके घोटले आहे की ते आता पाढ्यासारखे म्हटले जाते. त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. ला निनाच्या हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा थंड हवेचा ओघ अधिक मोकळा राहण्याकडे कल असतो आणि वायव्य भारत अधिक गारठतो. परंतु कल म्हणजे हमी नव्हे. २०२०-२१ चा हिवाळा ला निनाचाच होता आणि त्यातल्या जानेवारीत देशभरातल्या रात्री गेल्या अनेक दशकांत नव्हत्या इतक्या उबदार होत्या. उलट २९ डिसेंबर २०१८ रोजी पुण्यातल्या शिवाजीनगर केंद्राचा पारा ५.९ अंशांवर उतरला, तेव्हा प्रशांत महासागर एल निनोच्या, म्हणजे ला निनाच्या उलट स्थितीच्या, दिशेने तापलेला होता.

पावसाचे गणित तर याहून उलटे आहे. हिवाळ्यात आपल्याकडे ढग आणणारी जी पश्चिमेकडची प्रणाली असते, जिला कोणी पश्चिमी विक्षोभ म्हणतात तर कोणी पश्चिमी चक्रावात, तिचा मार्ग एल निनोच्या वर्षी दक्षिणेकडे झुकण्याची शक्यता वाढते. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात जी गारपीट झाली ती एल निनोच्या वर्षातली होती. त्यामुळे ला निनाकडे थंडी मागता येईल आणि एल निनोकडे पाऊस मागता येईल, परंतु एकाच वर्षी दोघांकडूनही वसुली करायला निघणे म्हणजे एकाच चेकवर दोन बँकांत पैसे मागण्यासारखे आहे.

संत्रानगरी | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

पुणेकरांनी ५.९ चे कौतुक जरूर करावे. त्याच दिवशी नागपूर ३.५ अंशांवर होते, एवढीच नम्र नोंद.

कादवाकाठ | ३ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार आहे. हा धागा दरवर्षी वाचतो, लिहीत मात्र नाही. या वेळी शीर्षक वाचून राहवले नाही.

थंडीबद्दल माझी तक्रार नाही. गव्हाला ती हवीच असते आणि आमच्याकडची थंडी ही काही नवलाची गोष्ट नाही. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा २ अंशांच्याही खाली गेला, तेव्हा टीव्हीवाले येथे येऊन पानांवरच्या गोठलेल्या दवाची छायाचित्रे काढत होते. आम्ही त्या वेळी काय करत होतो ते सांगतो. रात्री तीन वाजता उठून ठिबक सुरू करायचे, कारण विहिरीचे पाणी हवेपेक्षा पुष्कळ गरम असते आणि मुळाशी ते पोचले की जमिनीलगतचा गारठा थोडा मोडतो. मग बांधाच्या वाऱ्याकडच्या अंगाला उसाचे पाचट आणि ओला भुसा पेटवायचा. त्याला जाळ होऊ द्यायचा नाही, धूर हवा असतो, कारण तो धूर बागेवर गोधडीसारखा पसरून राहतो. पहाट होईपर्यंत डोळे चुरचुरतात, हात बधिर होतात आणि काडीवरचा एक एक घड बॅटरीच्या उजेडात पाहावा लागतो. हे कष्ट आम्हाला मान्य आहेत, कारण थंडीत वेल नुसता थांबतो. साखर भरायला उशीर होतो, मण्याची फुगवण अडते, पण बाग हातात राहते.

ओल्या हिवाळ्यात बाग हातात राहत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माझी फळछाटणी झाली. महिनाअखेरच्या पावसात बाग नेमकी पोंग्यातून, म्हणजे कोवळ्या फुटीच्या अवस्थेतून, बाहेर पडत होती आणि त्या आठवड्यात काही घड जिरले, म्हणजे वाढण्याआधीच नाहीसे झाले. मे महिन्यापासून ऊनच न मिळाल्याने काडीत मुळातच घड कमी होते, त्यात ही भर पडली. आता बाग फुलोऱ्याकडे चालली आहे. या अवस्थेत दोन दिवस रिपरिप झाली तर गळ आणि कूज होते, डावणी हा बुरशीचा रोग एका रात्रीत पानावरून घडावर जातो, आणि फवारणीसाठी ट्रॅक्टर बागेत घालावा तर चाके रुततात. पुढे जानेवारीत मण्यांत पाणी उतरल्यावर पाऊस आला तर मणी तडकतात, आणि तडकलेल्या मण्याला व्यापारी हातही लावत नाही.

आपण ज्या दिवसाची चार वर्षे वाट पाहत आहात, त्याच दिवसाची आठवण आमच्या घरात अजून कोणी काढत नाही. आपल्याला दुखवण्याचा हेतू नाही. मात्र हौसेच्या याद्यांत ‘पाऊस’ आणि ‘थंडी’ हे शब्द शेजारी शेजारी लिहिताना, त्यांतला एक आमच्या बाजूचा आहे आणि दुसरा नाही, एवढे ध्यानात असावे.

ढगवेडा_पुणे | ३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

कादवाकाठ दादा, आपले लिहिणे दोनदा वाचले. शीर्षक बदलण्याची सोय येथे असती तर मी ते बदलले असते. तरी प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या इच्छेने ढग येत नाहीत आणि माझ्या पश्चात्तापाने ते जाणारही नाहीत. आकाशाकडे पाहण्याचे वेड मला लहानपणापासून आहे आणि ते सुटेल असे वाटत नाही. आपण दरवर्षी वाचता तसे यंदा लिहीतही राहावे, ही विनंती. आपल्या बागेतली पहाटेची एक नोंद ही आमच्या दहा गच्च्यांच्या नोंदींपेक्षा मोलाची आहे.

जुन्नरची_मास्तरीण | ४ नोव्हेंबर, दुपारी १:१५

१ आणि २ डिसेंबर २०२१ चा विषय निघालाच आहे, म्हणून जुन्नर भागातून पाहिलेले लिहिते.

आमच्या शाळेच्या मागच्या वावरात एका मेंढपाळाने मेंढ्या बसवल्या होत्या. पावसाळा संपलेला असल्यामुळे त्यांच्याकडे आडोसा असा नव्हताच, वाघराचे, म्हणजे जाळीचे, कुंपण आणि वर मोकळे आकाश. पहिल्या दिवशी पाऊस आणि वारा दोन्ही सुरू झाले. लोकर कोरडी असली तर मेंढी बरीच थंडी सोसते, परंतु लोकर भिजून अंगाला चिकटली आणि त्यावरून वारा वाहू लागला की तिच्यात काही राम राहत नाही. रात्री त्या घरातल्या बायकांनी कोकरे पदराखाली घेऊन शाळेच्या ओसरीवर आणली. आम्ही वर्ग उघडून दिले, पोती अंथरली, रद्दीचे कागद पेटवले. सकाळी वावरात पाहिले तर मोठ्या मेंढ्या एकमेकींना टेकून बसल्या जागी गेलेल्या होत्या. त्या दोन दिवसांत पुणे आणि शेजारच्या जिल्ह्यांत मिळून हजाराहून अधिक मेंढ्या-शेळ्या दगावल्याचे नंतर वृत्तपत्रांत आले.

मला यात एक गोष्ट समजून घ्यायची आहे. त्या रात्री आमच्याकडचे किमान तापमान काही फार खाली नव्हते, जानेवारीत आम्ही याहून कितीतरी थंड रात्री काढतो. मग त्या मेंढ्या नेमक्या कशाने गेल्या? आणि अशा दिवसासाठी हवामान खात्याकडे ‘थंडीची लाट’ हा इशारा का नव्हता?

ओला_फडका | ४ नोव्हेंबर, रात्री १०:१०

ताई, आपल्या प्रश्नातच या धाग्याची खरी गाठ आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आपल्याकडे रात्रीची थंडी ही बहुतांशी येथेच तयार होते. उत्तरेचे कोरडे वारे तिला तयारी करून देतात, परंतु प्रत्यक्ष पारा उतरतो तो जमीन आपली उष्णता निरभ्र आकाशात सोडून देते म्हणून. आकाशात ढग असले तर ती उष्णता ते अडवतात आणि बरीचशी परत खाली पाठवतात. कादवाकाठ यांचा धूर जे काम एका बागेवर करतो, तेच ढग सगळ्या जिल्ह्यावर करतात. गेल्या वर्षीचे उदाहरण ताजे आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस पुण्याचा पारा दहाच्या आसपास आला होता, आणि पुद्दुचेरीजवळ किनाऱ्यावर आलेल्या फेंगल चक्रीवादळाचे उरलेसुरले ढग आपल्यावर पसरताच काही दिवसांत तो विशीकडे गेला. स्वेटर काढून पंखे लावावे लागले.

म्हणून पाऊस आणि रात्रीचा कडाका हे आपल्या प्रदेशात एका दिवशी नांदत नाहीत. ओला दिवस थंड वाटतो तो कमाल तापमान घसरल्यामुळे. ऊन नाही, पावसाचे थेंब बाष्प होताना हवेतली उष्णता घेतात आणि दिवस व रात्र यांच्या तापमानात फरकच उरत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये हेच झाले. अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्याने बाष्प पुरवले, त्याच वेळी उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ जात होता, आणि दोघांची गाठ आपल्या डोक्यावर पडली.

आता इशाऱ्याविषयी. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी खाली असेल, तर थंडीची लाट म्हणतात. पारा ४ अंशांवर वा त्याखाली गेला तर सरासरी न पाहताही लाट मानतात. ‘थंड दिवस’ अशीही एक वर्गवारी आहे, परंतु तिलाही अट तीच, की किमान तापमान १० किंवा त्याखाली हवे. ढगाळ, पावसाळी दिवशी किमान तापमान १० च्या खाली जाणारच नाही, त्यामुळे आपल्या मेंढ्या ज्या दिवशी गारठून गेल्या तो दिवस या व्याख्येत ‘थंड’ ठरत नाही. ही व्याख्या उत्तरेतल्या धुक्याच्या दिवसांसाठी ठीक आहे. दख्खनच्या ओल्या दिवसासाठी ती अपुरी आहे, असे माझे मत आहे. भिजलेल्या अंगावरून वाहणारा वारा किती उष्णता खेचून नेतो, हे कोरड्या तापमापकाला कळत नाही. तापमापकाच्या फुग्यावर ओला फडका गुंडाळला की ते कळते, आणि माझे येथले नावही त्यावरूनच घेतले आहे.

राहिला यंदाचा प्रश्न. पाऊस जास्त झाला की थंडीही जास्त पडते, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. निदान हंगामाच्या सुरुवातीला तरी हे उलट असते. ओली जमीन दिवसा मिळालेली उष्णता खोलवर साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. शिवाय तिच्यामुळे हवेत बाष्प राहते. संध्याकाळी दवबिंदूचे तापमान सोळा असेल, तर पहाटे पारा सोळाच्या आसपास आला की दव पडू लागते, त्यातून उष्णता बाहेर पडते आणि घसरण मंदावते. म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात धुके आणि दहिवर पुष्कळ दिसेल, कडाका दिसेलच असे नाही. उत्तरेचे कोरडे वारे आठवडाभर सलग वाहून ही ओल पळवून नेतील तेव्हाच खरी घसरण सुरू होईल.

सिमला_ऑफिसचा_शेजारी | ४ नोव्हेंबर, रात्री ११:००

उत्तम लिहिले आहे. एक पुस्ती जोडतो. पाऊस आणि कडाका एका दिवशी येत नसले तरी एकामागोमाग येतात. विक्षोभ पूर्वेकडे सरकला की त्याच्या पाठीमागून राजस्थान, मध्य प्रदेशमार्गे थंड हवा खाली उतरते. म्हणजे आधी दोन दिवस मळभ आणि उबदार रात्री, मग तीन-चार दिवस हुडहुडी. ज्यांना ‘थंड आणि ओला’ हिवाळा हवा आहे त्यांनी वास्तविक अशा विक्षोभांची रांग मागायला हवी.

सांताक्रूझ_२७ | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

मुंबईकरांना या चर्चेत कोणी गांभीर्याने घेत नाही, हे ठाऊक असूनही लिहितो. वर सांगितलेली पाठोपाठची साखळी आम्ही २३ जानेवारी २०२२ रोजी अनुभवली. आदल्या दिवशी शिंतोडे पडले, मग पाकिस्तानच्या बाजूने समुद्रावरून आलेल्या धुळीने आकाश दुधासारखे पांढरे केले आणि दुपारचे कमाल तापमान २४ अंशांच्या आसपास अडकून राहिले. माझ्या गॅलरीतल्या काळ्या खुर्चीवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसली होती.

गेल्या डिसेंबरमध्ये तर ४ तारखेला आमच्या सांताक्रूझ केंद्राचे कमाल तापमान ३७.३ होते आणि ९ तारखेला किमान १३.७. पाच दिवसांत वाऱ्याची दिशा बदलण्यापलीकडे काहीही झालेले नव्हते. आमचा हिवाळा म्हणजे वाऱ्याची दिशा, दुसरे काही नाही. बाकी २७ जानेवारी १९६२ च्या विक्रमी ७.४ अंशांची वाट पाहणे मी सोडून दिले आहे, नावात तारीख तेवढी ठेवली आहे.

हापूस_देवगड | ५ नोव्हेंबर, रात्री ७:३०

आंब्याचे संक्षेपात सांगतो. मोहोरासाठी थंडी हवी, ती डिसेंबरात सलग मिळावी. मोहोर आल्यावर मळभ नको, कारण तुडतुडा ही कीड आणि भुरी हा रोग दोन्ही ढगाबरोबर येतात. यंदा पाऊस एवढा लांबला की झाडांना पालवीच फुटत राहिली आहे, आणि कोवळी पालवी असलेले झाड लवकर मोहोरत नाही. कादवाकाठ यांच्या मताशी मी सहमत आहे.

गच्चीवरचा_पारा | ६ नोव्हेंबर, सायंकाळी ६:२०

मी या छंदात नवीन आहे. पाषाणला राहतो. गच्चीच्या कठड्यावर तापमापक टांगला आहे, तरी माझी नोंद हवामान खात्यापेक्षा नेहमी दोन-तीन अंशांनी जास्त येते. बाणेरच्या मित्राची त्याहूनही वेगळी येते. कोणाचे खरे मानावे?

ओला_फडका | ६ नोव्हेंबर, रात्री ९:०५

कठड्यावर टांगलेला तापमापक हवेचे नव्हे, कठड्याचे तापमान सांगतो. दिवसभर तापलेली भिंत रात्रभर उष्णता सोडत असते. तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, भिंतीपासून दूर आणि शक्यतो मातीवर किंवा गवतावर हवा. मी जुन्या कपाटाचे झडपांचे दार कापून अशी पेटी केली आहे. पेटीचे दार उत्तरेला ठेवावे, म्हणजे नोंद घेताना ऊन आत शिरत नाही.

दोन ठिकाणांतला फरक मात्र खराही असू शकतो. निरभ्र, निवांत रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून पाण्यासारखी वाहत खोलगट भागात साचते. म्हणून टेकडीवरच्या लवळ्याच्या केंद्राची पहाट पुष्कळदा शिवाजीनगरपेक्षा उबदार निघते, आणि निफाडची नदीकाठची जमीन नाशिक शहरापेक्षा गार निघते. पुण्याचा १.७ अंशांचा विक्रम १७ जानेवारी १९३५ चा आहे. तेव्हा शिवाजीनगरच्या भोवताली किती मोकळी जमीन असेल आणि आज किती सिमेंट आहे, याचा विचार केला म्हणजे तो विक्रम का टिकून आहे हेही लक्षात येते.

ढगवेडा_पुणे | ९ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

आज पहाटे आकाश लख्ख निरभ्र होते. सव्वासहा वाजता पेटीत १५.२ अंश, गवतावर भरपूर दव, नदीच्या बाजूला धुक्याचा पातळ थर. काल संध्याकाळी ओल्या फडक्यावरून काढलेला दवबिंदू १५ होता. ओला_फडका यांचे गणित तंतोतंत जुळले, याचा आनंद मानावा की पारा तेथेच अडकल्याचे दुःख करावे, हे ठरत नाही.

कादवाकाठ | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:३५

काल दुपारपासून वारा उत्तरेचा झाला आहे आणि हवा कोरडी लागते आहे. पानांवर दव नाही, कित्येक दिवसांनी नाही. बागेतल्या तापमापकावर पहाटे साडेपाचला ९.८ अंश होते. निम्मी बाग फुलोऱ्यात आहे, पण पाने कोरडी आहेत, म्हणून आज डावणीची फवारणी पुढे ढकलली आहे. ढगवेडा साहेब, आपल्याकडे ढग दिसू लागले तर तेवढे आदल्या रात्रीच कळवावे, म्हणजे ट्रॅक्टर तयार ठेवता येईल.

ढगवेडा_पुणे | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

पेटीत ११.६. पश्चिमेला क्षितिजापर्यंत काही नाही. रात्री नऊला पुन्हा पाहून कळवतो.